रोज तोच राजवाडा: रोजच्या स्केचिंगमध्ये वैविध्य कसं आणता?

रेघोट्या

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत राहते. रोज सकाळी कामाला निघण्याआधी अर्धा-पाऊण तास चित्र काढते. ए-५ मापाची वही, ०.३ चं काळं पेन, कधीमधी एचबी पेन्सिल. सवय पक्की बसली आहे आणि तिचा मनापासून आनंद आहे.

अडचण अशी की वही चाळली की सगळी पानं सारखीच दिसतात. राजवाडा समोरून. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, नदीच्या पलीकडून. चहाचा कप. खिडकीतली तुळस. प्रत्येक चित्र पानाच्या मधोमध, सगळीकडे एकाच जाडीची रेघ, सावली म्हणून त्याच तिरप्या रेषा. हात आपोआप चालतो आणि काढून झाल्यावर मी नेमकं काय पाहिलं ते सांगता येत नाही.

'आज किल्ली काढा, उद्या जोडा काढा' अशा याद्या नेटवर हव्या तेवढ्या मिळतात. त्याही केल्या. किल्ली त्याच रेघेत आली आणि जोडाही. त्यामुळे प्रश्न विषयाचा नसावा असं वाटायला लागलं आहे. तुम्ही काय करता? साहित्य बदलता, जागा बदलता, की काढायची पद्धतच बदलता? इंदूरचे कुणी असाल तर बसायला जागाही सुचवा.

मिनिटभर

छान धागा. मी कॉलेजला सिटी बसने जातो आणि बसमध्येच काढतो. माझा उपाय एकच: वेळ कमी करणे.

समोरचा माणूस पुढच्या स्टॉपला उतरणार हे माहीत असलं की डोळे, बटणं, शर्टाच्या रेघा यांच्या मागे लागताच येत नाही. आधी डोक्यापासून खालपर्यंत पाठीच्या कण्याचं एकच वळण. मग खांद्यांची तिरपी रेघ, मग कमरेची. उभा माणूस एका पायावर भार देतो तेव्हा त्या बाजूची कंबर वर जाते आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या दोन रेघा एकमेकींच्या विरुद्ध झुकल्या की माणूस कागदावर खरा उभा राहतो. नंतर वेळ उरला तर पिशवी, दांडा धरलेला हात वगैरे. ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटं असे तीन गट करतो. १ मिनिटवाली सगळ्यात जिवंत येतात असा माझा अनुभव.

जागा म्हणाल तर सिरपूर तलाव. २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळाली, थंडीत पक्षी भरपूर. सुरुवात पाणकावळ्यापासून करा. तो पंख पसरून वाळवत बसतो, त्यामुळे बराच वेळ एकाच पवित्र्यात सापडतो. बगळाही दमाने उभा असतो. बदकं मात्र हलतच राहतात. त्यांच्यासाठी एकाच पानावर चार-पाच चित्रं अर्धवट सुरू ठेवायची. पक्षी पुन्हा त्याच पवित्र्यात आला की त्या चित्राकडे परत जायचं.

सुदामानगरकर

वाचते आहे. माझीही वही अशीच दिसते. कुणी साहित्याबद्दल लिहा ना. ०.३ चं पेन सोडायला हात तयार नाही.

शाईदौत

साहित्यावर मीच लिहिते, कारण माझ्यासाठी सगळं तिथूनच बदललं.

रेघोट्या, तुमच्या पेनची रेघ कितीही दाबलं तरी तेवढीच राहते. म्हणून जवळचा खांब आणि लांबचा खांब एकाच आवाजात बोलतात. पेन ठेवून द्या आणि बोरू करा. खरंच सांगते, घरी होतो. करंगळीएवढा बांबूचा किंवा बरूचा तुकडा घ्या, टोक तिरकं छाटा, टोकाला मधोमध एक बारीक चीर द्या म्हणजे शाई धरून राहते. चपट्या बाजूने रेघ रुंद येते, कडेने बारीक. शाई संपत आली की रेघ कोरडी, तुटक होत जाते. ती तुटक रेघ जुन्या भिंतीला, झाडाच्या सालीला इतकी शोभते की मुद्दाम काढायला गेलं तर साधत नाही. दर थोड्या वेळाने बोरू दौतीत बुडवावा लागतो, आणि तेवढ्यात नजर वर जाते. तुमचा हात आपोआप चालतो म्हणालात ना, त्याला हा थांबा लागेल.

दुसरं, फाउंटन पेनची साधी शाई. ती पाण्यात विरघळते. चित्र काढून झालं की ओला ब्रश सावलीच्या बाजूने फिरवायचा. रेघेतूनच राखाडी, निळसर छटा पसरते, वेगळे रंग बरोबर न्यायला नकोत. वॉटरप्रूफ शाईच्या पेनाने हे होणार नाही, बाटलीवर बघून घ्या. आणि कागद जाड हवा. ७०-८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वहीचं पान ओलं झालं की फुगतं आणि मागे उमटतं. १५० च्या पुढचा कार्ट्रिज कागद हलकं पाणी बऱ्यापैकी सोसतो. जास्त पाणी घालणार असाल तर ३०० चा वॉटरकलर कागदच घ्या.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं. स्वयंपाकघरातले रंग. बिनदुधाचा कडक चहा ब्रशने लावला तर सुंदर बदामी छटा येते. वाळू देऊन पुन्हा लावत गेलं की गडद होत जाते. त्याच चहात गंजके खिळे काही दिवस टाकून ठेवले तर चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळपट शाई तयार होते. जुन्या काळी लिहिण्याची काळी शाई याच तत्त्वावर करत असत. कागदावर आधी फिकी दिसते, मग हवा लागून काळवंडते. ते होताना बघायला फार आवडतं मला. हळदीचं पाणी पिवळं, आणि त्यात विड्याच्या पानाचा चुना कणभर टाकला की लाल. घरी कुंकू करणाऱ्या आज्यांना हे ठाऊकच असायचं. फक्त हळद उन्हात उडते, म्हणून ती पानं वहीत मिटलेलीच ठेवा, भिंतीवर लावू नका. खिळ्यांची बाटली लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि वर नाव लिहून ठेवा.

खोडरबर

शाईदौत, तुमची पानं मी इथे पाहिली आहेत, फार सुंदर असतात. पण मला वेगळं म्हणायचं आहे.

मी इमारतींचे नकाशे काढतो, तोच माझा व्यवसाय. साहित्य बदललं की पहिले काही दिवस सगळं नवं वाटतं, मग बोरूचीही सवय होते आणि पुन्हा तोच समोरून काढलेला राजवाडा बोरूने काढला जातो. सगळी चित्रं सारखी दिसण्याचं मोठं कारण म्हणजे उभं राहण्याची जागा आणि नजरेची पातळी कधी बदलतच नाही. पाया तिथे आहे.

करून बघा. चौकात उभं राहिलं की आपली नजर जमिनीपासून पाच फुटांवर. राजवाड्याचं जवळजवळ सगळं त्या पातळीच्या वर. नजरेच्या वरच्या आडव्या कडा लांब जाताना खाली उतरत येतात, नजरेखालच्या वर चढत येतात. म्हणून चौकातून सज्जे, कंगोरे सगळे खाली झुकलेले दिसतात आणि इमारत अंगावर येते. आता समोरच्या एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसा. राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. तुमची नजर जर दगड संपतो आणि लाकूड सुरू होतं तिथे आली, तर ती रेघ चित्रात अगदी सरळ आडवी येईल. दगडाच्या कडा खालून तिच्याकडे चढतील, लाकडाच्या वरून उतरतील. इमारत तीच, वेळही तीच, आणि चित्र पूर्ण निराळं. तिसरं चित्र फुटपाथवर मांडी घालून काढा. समोर माणसांचे पाय, गाड्यांची चाकं, आणि त्यांच्या फटीतून दरवाजा.

यात पैसा लागत नाही, शाई लागत नाही. फक्त प्रत्येक चित्रात आधी नजरेची रेघ फिकी आखून घ्यायची.

शाईदौत

पटलं. पण पहिले काही दिवस नवं वाटतं, त्याच दिवसांत डोळा उघडतो असं मला वाटतं. ते दिवस वाया जात नाहीत.

जुनं_इंदूर

उशिरा लिहितोय, पण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली.

खोडरबर आणि शाईदौत दोघंही एकच गोष्ट वेगळ्या टोकांनी सांगत आहेत असं मला दिसतं. एकीने हत्यार बदललं, एकाने जागा. दोन्हीत एक *अट* नव्याने आली. रेघोट्याताई, तुमच्या वहीत आज एकही अट नाही. हवं ते, हवं तसं, रोजच्या पेनाने. मोकळीक पूर्ण असली की हात सवयीच्या वाटेनेच जातो. माझं म्हणणं एवढंच की विषय तोच ठेवा आणि एका वेळी एकच अट घाला. दोन-तीन अटी एकदम घातल्या तर चित्र कशामुळे बदललं ते कळत नाही.

आपल्या गावाला याची मोठी परंपरा आहे. द. दा. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकलेची शाळा उभी केली. ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही मंडळी त्यांच्या हाताखाली घडली. यातले चिंचाळकर गुरुजी, १९१७ ते २०००, मला या धाग्याच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. वाळकी फांदी, झाडाची साल, दगड, फेकून दिलेल्या वस्तू यांच्यात त्यांना आकार दिसत. जे आहे त्याला थोडंसंच हलवून त्यातला पक्षी, माणूस, जनावर ते समोर ठेवत. उत्तम चित्रकार असूनही त्यांनी आयुष्याचा मोठा भाग या बघण्याला आणि मुलांना बघायला शिकवण्याला दिला. रोज चित्र काढणाऱ्याने गुरुजींकडून ही एक गोष्ट घ्यावी: चित्राची सुरुवात कागदावर होत नाही, नजरेत होते.

आता प्रत्यक्ष अटी. मी मुलांना देत असे त्यातल्या काही.

कागदाकडे बघायचं नाही. वस्तूच्या कडेवर नजर ठेवायची आणि नजर सरकेल तेवढंच पेन सरकवायचं, मुंगीच्या चालीने. पेन उचलायचं नाही. चित्र वेडंवाकडं येणारच, कान खांद्यावर जाईल. पण त्या वाकड्या चित्रातला एखादा तुकडा, समजा कपाच्या कानाचं वळण, इतका अचूक येतो की बघत राहावं. कारण असं आहे की एरवी आपण 'कप' या कल्पनेचं चित्र काढतो. कागद दिसेनासा झाला की ती कल्पना तपासायला जागाच उरत नाही, समोरचा कप तेवढा उरतो.

मधली मोकळी जागा काढायची. वस्तू काढायचीच नाही. छत्र्यांवर जाऊन खांब काढू नका, दोन खांबांच्या मधलं आकाश काढा. त्या आकाशाचा आकार नीट आला की खांब आपोआप उभे राहतात. सायकल, खुर्ची, पायऱ्यांचा कठडा, सगळ्यांना ही अट लावा. कृष्णपुऱ्याला तर हे करायला फार मजा येते, कारण कमानी, खांब आणि मागची झाडं मिळून मोकळ्या जागांचे इतके आकार होतात की पानच्या पान भरतं. तुम्ही नदीपलीकडून काढता म्हणालात. एकदा आत, मंडपात बसून बाहेर बघत काढा.

तीनच छटा. डोळे किलकिले करा म्हणजे बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे दिसतात. पांढरा कागद, एक मधली छटा, एक काळी. आगपेटीएवढ्या चार चौकटी पानावर आखा आणि एकाच दृश्याची चार वेगळी वाटणी करा. रेघ अजिबात नाही, फक्त तुकडे. ज्यांचा हात रेघेत अडकला आहे त्यांनी ही अट आधी घ्यावी.

आठवणीतून काढायचं. समोर पाच मिनिटं नुसतं बघायचं, हात खिशात. घरी येऊन काढायचं. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन पडताळायचं आणि राहिलेलं दुसऱ्या रंगाने त्याच चित्रावर भरायचं. आपण रोज काय पाहत नाही ते त्या दुसऱ्या रंगात दिसतं. रेघोट्याताई, काय पाहिलं ते सांगता येत नाही असं तुम्ही लिहिलंत. हीच अट आधी घ्या.

डाव्या हाताने काढणं, उलटं धरलेलं चित्र बघून काढणं हेही लोक सांगतात. ठीक आहे, एखाद्या दिवशी करावं.

मिनिटभर

काका, प्रिंट काढून वहीत चिकटवली. एक विचारतो: अट किती दिवस ठेवायची?

जुनं_इंदूर

कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतर थोडे दिवस. बाळा, कंटाळा आल्यावर जी दोन-तीन चित्रं होतात ती नीट बघ. सोपं सगळं संपलेलं असतं, म्हणून तिथे माणूस काहीतरी शोधायला लागतो.

सयाजीगंज

वडोदऱ्याहून लिहितोय. काकांनी बेंद्र्यांचं नाव काढलं म्हणून राहवलं नाही. १९१० मध्ये इंदूरला जन्मलेले बेंद्रे १९५० मध्ये आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये आले आणि १९६६ पर्यंत इथे होते. इतका तयार हात असलेला माणूस, पण निसर्गचित्रांच्या वास्तववादी शैलीवर थांबला नाही. वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या घनवादाकडे जाऊन आले, पुढे ठिपक्यांच्या पद्धतीने चित्रं केली. रोजच्या स्केचिंगला हे लागू आहे असं मी मानतो: जे छान जमतं तेच आणखी छान करत राहणं एवढीच वाढ नसते.

मी दोन गोष्टी सुचवतो. पहिली, कागदाचा रंग बदला. पांढऱ्या कागदावर आपण फक्त अंधार काढतो, उजेड कागद देतो. खाकी ब्राउन पेपर घेतला की मधली छटा तयारच मिळते. काळ्या पेन्सिलने सावली, पांढऱ्याने उजेड, मधलं सगळं कागदावर सोडून द्यायचं. बरंच काही न काढता राहतं आणि तरी दिसतं. संध्याकाळी आणि रात्री दिव्यांच्या उजेडात काढायला यासारखं दुसरं काही नाही. जुन्या लग्नपत्रिकांची रंगीत कोरी बाजूही वापरा. एवढंच लक्षात ठेवा की पॅकिंगचा कागद काही वर्षांनी ठिसूळ होतो. जपायचं चित्र असेल तर फोटो काढून ठेवा.

दुसरी, जुन्या चित्रांपुढे बसून काढा. आमच्याकडे तांबेकर वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातल्या बडोदे संस्थानच्या दिवाणांचा. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. गर्दीतली माणसं, घोडे, पागोटी, लुगड्यांचे काठ त्या चित्रकारांनी कसे रेघेत बसवले ते बघत काढलं की आपल्या रेघेला नव्या सवयी लागतात. इंदूरच्या लोकांना महेश्वर जवळ आहे. घाटावरच्या दगडी कोरीव कामापुढे बसून हेच करता येईल.

खोडरबर

ब्राउन पेपरचं पटलं. आणि काकांच्या 'एका वेळी एकच अट' याला पूर्ण दुजोरा. नजरेची पातळी बदलणं हीसुद्धा एक अटच आहे, असं म्हटलं की माझा आणि शाईदौत यांचा वाद मिटतो.

सुदामानगरकर

मला रस्त्यावर काढायचीच भीती वाटते. लोक मागे उभे राहतात, मुलं विचारतात, कुणी म्हणतं माझं काढा. सगळ्या अटी घरातच पाळता येतील का?

शाईदौत

येतील. स्वयंपाकघर घ्या. कुकर, किसणी, झारा, ताटाळं. ताटाळ्यातल्या ताटांच्या मधल्या फटी काढून बघा, काकांची मोकळी जागा तिथेच आहे. स्टीलच्या पेल्यातलं प्रतिबिंब तर एक पूर्ण वही व्यापेल. त्यात खिडकी, गॅस, तुम्ही स्वतः, सगळं वाकून आलेलं असतं आणि ते वाकणं प्रत्येक पेल्यात निराळं.

पण बाहेरही पडा. पाठीशी भिंत येईल अशी जागा धरा, मागे कुणी उभं राहूच शकत नाही. पहिल्यांदा एकटं जाऊ नका. लहान वही मांडीवर ठेवा. आणि लोकांना घाबरण्यासारखं काही नाही, विशेषतः आपल्या गावात. मी छप्पन दुकानजवळ पोहेवाल्याचे हात काढत होते तर त्याने विचारलं, "दीदी, मैं रुकूँ क्या?" मी म्हटलं, नको, चालू द्या. मला तेच हवं होतं. वाफेवरच्या पातेल्यातून पोहे काढणं, वर शेव, मग जीरावण भुरभुरणं, मग लिंबू. प्रत्येक हालचाल तो पुन्हा पुन्हा करत असतो. पानावर सहा चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत एकच हालचाल. ती आली नाही तर पुढच्या प्लेटला पुन्हा येणारच. काम करणारी माणसं म्हणून उत्तम: जिलबी सोडणारा, इस्त्रीवाला, फुलांचे हार करणाऱ्या बायका. आधी नजरेने विचारून घ्यावं, आणि कुणाला नको असेल तर वही मिटावी.

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सुचवलेल्यांपैकी दोन गोष्टी केल्या, एकेक करून. त्याबद्दल लिहिते.

काकांची आठवणीची अट आधी घेतली. गांधी हॉलसमोर नुसती बसले, मग घरी येऊन काढलं. १९०४ मधली ती इमारत मी लहानपणापासून बघते, आम्ही घंटाघर म्हणतो. आठवणीतून घड्याळाचा मनोरा नीट आला. मनोरा आणि मुख्य इमारत जिथे जुळतात तिथे कागद कोराच राहिला, काही म्हणजे काही आठवेना. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं ते फक्त त्या जोडासाठी. त्या दिवशी मी प्रथमच कमानींच्या ओळी मोजल्या, छोटे घुमट पाहिले, सावली कुठून सुरू होते ते पाहिलं. तपकिरी पेन्सिलने भरलेला तो भाग पहिल्या दिवसाच्या सगळ्या चित्रापेक्षा चांगला आहे. काका, पुढच्या वेळी बघताना मी आपोआप जोड शोधायला लागले. खांब छताला कुठे भेटतो, फांदी खोडातून कशी निघते, मनगट हाताला कसं लागतं.

दुसरं, ब्राउन पेपर घेऊन सराफ्यात. दिवसा आणि रात्री, एकाच ओट्यावरून. दिवसा सोन्याचांदीची दुकानं उघडी, गल्लीत वरून उतरणारा उजेड, तिथे कागदावर पांढऱ्याला फार काम नव्हतं. रात्री दुकानांची शटर खाली आणि त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या. उजेड खालून, कढईच्या बाजूने येतो. माणसांच्या हनुवट्या, हातांचे खालचे भाग, वाफ, एवढंच पांढऱ्यात आलं आणि बाकी सगळं कागदाने सांभाळलं. गराडू तळणाऱ्याला मी फक्त पाच-सहा पांढऱ्या फराट्यांत काढलं आहे आणि शेजारच्या काकूंनी त्याला लगेच ओळखलं! घरी येऊन दोन्ही पानं शेजारी ठेवली. ही एकाच हाताची चित्रं आहेत हे कळतं, पण ती एकमेकांसारखी नाहीत. मला हेच हवं होतं.

पुढे मोकळ्या जागा घेणार आहे, मंडपात बसून. बोरूसाठी बांबू वाळत घातलाय.

जुनं_इंदूर

वा! तो जोड शोधणं चालू ठेवा. माणसाच्या चित्रातही बहुतेक कच्चेपणा मान, मनगट, घोटा अशा जोडांच्या जागीच असतो. आणि मंडपात सकाळी जा. ऊन तिरपं असताना खांबांच्या सावल्या फरशीवर पडतात, तेव्हा मोकळ्या जागा उभ्याही मिळतात आणि आडव्याही.

मिनिटभर

टॅबलेटवर काढणाऱ्यांना यातलं काय चालेल? माझी एक मैत्रीण फक्त टॅबवरच काढते, तिला धागा पाठवलाय.

सयाजीगंज

सगळं चालेल. तिला पहिली अट द्या: मागे जाण्याचं बटण बंद. दुसरी: एकच ब्रश, एकच थर. तिसरी: चित्र मोठं करून बघायचं नाही, पूर्ण पान दिसेल एवढ्यातच काढायचं. टॅबवर बोटांनी मोठं करत करत आपण पापणीच्या केसात शिरतो आणि डोकंच वाकडं बसलेलं राहतं. बॅकग्राउंड खाकी करून ब्राउन पेपरची अटही घेता येईल.

सुदामानगरकर

ताटाळं काढलं! मोकळ्या जागाच काढल्या, ताटं खरोखरच आपोआप आली. फोटो टाकते उद्या. एक मदत हवी. ब्राउन पेपरवर माझी पांढरी पेन्सिल उठतच नाही, फिकट राखाडी दिसते. सराफ्याच्या चित्रात इतकं पांढरं कसं आलं?

रेघोट्या

कागदाची बाजू बघा. पॅकिंगच्या ब्राउन पेपरला एक बाजू गुळगुळीत, चकचकीत असते आणि दुसरी थोडी खरखरीत. खरखरीत बाजूवर काढा, पेन्सिल धरते. आणि मी साधी रंगीत पेटीतली पांढरी वापरली नाही. ती मेणाची असल्याने पुसट येते. खडूची पांढरी पेन्सिल मिळते ती घेतली, आणि अगदी झगझगीत उजेडाच्या जागी पोस्टर कलरचा पांढरा, पाणी जवळजवळ न घालता, बारीक ब्रशने.

शाईदौत

खडूची पेन्सिल हाताला लागून पसरते हेही सांगा. उजव्या हाताच्या असाल तर डावीकडून उजवीकडे काढत या, हाताखाली कोरा कागद ठेवा, आणि पांढरं सगळ्यात शेवटी.